व्यायामाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

व्यावसायिक फुटबॉल संघातील खेळाडूंच्या हृदयाचे ठोके, श्वसनाची क्षमता आणि स्नायूंची ताकद आज नियमितपणे मोजली जाते. या नोंदींवरून प्रत्येकाचा व्यायाम ठरविणारा स्वतंत्र प्रशिक्षक मोठ्या संघांबरोबर असतोच. व्यायाम देण्यापूर्वी त्याचा शरीरावर होणारा परिणाम मोजून पाहावा, हा आग्रह भारतात सुमारे शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी धरला, त्यांत स्वामी कुवलयानंद यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा विषय मात्र खेळ नसून योग होता.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि शिक्षण हलाखीत झाले. तरीही १९०३ च्या मॅट्रिक परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. बडोद्यात शिकत असताना अरविंद घोष यांच्या विचारांचा आणि पुढे लोकमान्य टिळकांच्या चळवळीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. देशकार्यासाठी आजन्म ब्रह्मचारी राहण्याचे व्रत त्यांनी घेतले.

बडोद्यातील जुम्मादादा व्यायामशाळेत १९०७ ते १९१० या काळात त्यांनी राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धतींचे शिक्षण घेतले. आखाड्यातील ही तीन वर्षे त्यांच्या चरित्रात अनेकदा एका वाक्यात आटोपली जातात. वास्तविक पुढील कार्याचा पाया तेथेच पडला, असे म्हणावे लागेल. अनेकांकडून एकाच वेळी, शिस्तीने व्यायाम करवून घेण्याचे तंत्र ही माणिकरावांच्या परंपरेची देणगी होती.

१९१६ पासून ते अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शिक्षणकार्यात होते. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदास यांची भेट झाली आणि योगसाधनेला सुरुवात झाली. गुरूंवर त्यांची अढळ श्रद्धा होती, पण योगक्रियांचे जे परिणाम सांगितले जात, ते केवळ श्रद्धेने मान्य करण्यास त्यांचे मन तयार नव्हते. बडोद्याच्या रुग्णालयात काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांद्वारे तपासणी केली. त्यातून मिळालेल्या आत्मविश्वासावर ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले.

बस्ती या क्रियेत योगी नळीवाटे पाणी आतड्यात वर ओढून घेतो. हे घडते कसे, याची उत्तरे तोपर्यंत पारंपरिक परिभाषेतच दिली जात. कुवलयानंदांनी दाबमापक यंत्र लावून पाहिले. नौली करताना आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि त्यामुळे पाणी वर चढते, असे आढळले. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

प्राणायामाचे प्रयोग अधिक अडचणीचे ठरू शकले असते. प्राणायामाने शरीराला जास्त प्राणवायू मिळतो, ही समजूत सार्वत्रिक होती आणि आजही ती पुष्कळ शिबिरांतून ऐकू येते. कुवलयानंदांच्या मोजमापांनी या समजुतीला दुजोरा दिला नाही. दीर्घ, संथ श्वसनात दर मिनिटाला शोषला जाणारा प्राणवायू नेहमीच्या श्वसनापेक्षा वाढत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्राणायामाचे महत्त्व मज्जासंस्थेवरील परिणामांत आणि शरीरांतर्गत दाबाच्या बदलांत शोधावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या साधनेच्या प्रसारासाठी आयुष्य वाहिले, तिच्या बाजूने केला जाणारा सर्वांत लोकप्रिय दावा त्यांनी स्वतःच बाजूला सारला. ‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ ही त्यांची पुस्तके १९३० च्या दशकात वाचकांपर्यंत पोहोचली ती या शास्त्रीय चर्चेसह.

आजच्या निकषांवर त्या प्रयोगांतील व्यक्तींची संख्या अल्प होती आणि त्यांतील अनेक जण मुळातच अभ्यासी साधक होते, हेही नमूद केले पाहिजे.

महात्मा गांधी यांनी १९२७ मध्ये आजारपणानंतर रक्तदाबासंबंधी त्यांचा सल्ला घेतला व त्याबाबत पत्रव्यवहार केला. मुंबईतही १९३२ मध्ये संस्थेची शाखा निघाली. १९३० च्या दशकात अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक के. टी. बेहनन यांनी लोणावळ्यात राहून अभ्यास केला, तर १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे संशोधक उपकरणे घेऊन भारतात आले, तेव्हा त्यांच्या कामात कैवल्यधामाचा समावेश होता.

मात्र सर्वसामान्य मराठी घरांपर्यंत कुवलयानंद पोहोचले ते शाळेच्या पटांगणावरून. ‘यौगिक संघ व्यायाम’ या १९३६ च्या पुस्तकात त्यांनी आसनांना सामुदायिक कवायतीच्या साच्यात बसविले. गुहेतील एकांताशी जोडली गेलेली साधना वर्गातील सर्व मुलांनी शिक्षकाच्या आज्ञेबरोबर करावी, ही कल्पना त्या काळी नवीन होती. मुंबई इलाख्यात १९३७ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यानंतर शारीरिक शिक्षणविषयक समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे सोपविण्यात आले. शिक्षकच प्रशिक्षित नसतील तर अभ्यासक्रम कागदावरच राहील, हे ओळखून प्रशिक्षणावर भर देण्यात आला आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद यांचे निधन झाले. ‘योगमीमांसा’चे प्रकाशन त्यांच्या पश्चातही लोणावळ्याहून चालू राहिले.