उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.)

भंडारा, तुमसर, पवनी येथील आपल्या माताभगिनी घरीच कपडे शिवतात. त्या श्रमाला हलके लेखण्यापूर्वी हजरत जैनब (रजि.) यांचे चरित्र आठवा. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या त्या आतेबहीण व पत्नी. मदीनेच्या छोट्याशा वस्तीत त्या स्वहस्ते कातडी कमावीत, शिवीत आणि आलेली मिळकत गोरगरिबांना देऊन टाकीत. खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी पाठविलेले १२,००० दिरहमही आप्त व अनाथांत वाटले गेले, घरात काहीच उरले नाही.

आपले कफन त्यांनी स्वतःच तयार ठेवले होते. खलीफांकडून दुसरे आल्यास एक दान करावे, असे त्यांनी बजावले. हिजरी २० मध्ये त्यांचे निधन झाले. खलीफांनी कफन पाठविले; घरचे कफन भगिनी हमना (रजि.) यांनी दान केले.