आजोबांचा किल्ला गेला, वस्तादांचे वडील गेले... आणि पनवेलचा एक कारकून तालमीत उतरला

पनवेल सोडून गोवा हायवेला लागलं की पळस्पे फाट्यानंतर थोड्याच वेळात शिरढोण येतं. गाडीतले बहुतेक जण तोवर कर्नाळ्याचा सुळका शोधत असतात, त्यामुळे गाव कधी मागे पडतं ते कळतही नाही.

याच गावात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. आद्य क्रांतिकारक म्हणून त्यांचं नाव शाळेपासून ऐकलेलं असतं. बंड, फितुरी, एडनचा तुरुंग हे सगळं पाठ असतं. पण सरकारी हिशेब खात्यात खर्डेघाशी करणारा माणूस एवढं सोसण्याइतका कणखर झाला कसा, याचं उत्तर पुण्यातल्या एका तालमीत सापडतं.

त्यासाठी जरा मागे जावं लागेल, १८१७ मध्ये.

इंग्रज आणि पेशव्यांची खडकीला लढाई झाली. त्या युद्धात पुरंदरच्या पायथ्याच्या पेठ गावचे राघोजी साळवे मारले गेले. त्यांचा मुलगा लहुजी तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी कर्नाळा किल्लाही इंग्रजांनी घेतला. तिथले किल्लेदार होते अनंतराव फडके, म्हणजे वासुदेवांचे आजोबा. एकाच युद्धाने दोन घरांना चटका दिला. एक घर मातंग समाजातलं, दुसरं ब्राह्मणाचं.

युद्धातून मागे राहिलेल्या माणसाच्या मनाचं काय होतं, याला तेव्हा नाव नव्हतं. अमेरिकेत यादवी युद्ध लढलेल्या सैनिकांची छाती धडधडते, दम लागतो, पण तपासलं तर हृदयात बिघाड सापडत नाही, हे डा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी मांडलं ते १८७१ मध्ये. ‘शेल शॉक’ हा शब्द तर थेट १९१५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला.

लहुजींकडे लाल माती होती. त्यांनी लग्न केलं नाही. पुण्यात तालीम काढली आणि पोरांकडून जोर, बैठका, कुस्ती, दांडपट्टा, तलवार, नेमबाजी घोटून घेतली. जोतीराव फुलेही तिथे शिकले. तालमीला उपचार वगैरे कुणी म्हणत नव्हतं. पण वडिलांच्या मरणानंतर हा माणूस पुढची साठ-पासष्ट वर्षं उभा राहिला तो याच मातीत, एवढं मात्र खरं.

फडके नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा लहुजी सत्तरीला टेकलेले. त्या काळात एका ब्राह्मण कारकुनाने मातंग वस्तादाच्या पायाशी बसून विद्या घेणं ही किती मोठी गोष्ट होती, हे आज पटकन लक्षात येत नाही.

त्यातच आई गेली. ती आजारी असल्याचा निरोप आला, पण साहेबाने रजा दिली नाही. फडके तसेच निघाले. शिरढोणला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वर्षश्राद्धालाही रजा मिळाली नाही. हा घाव ते कधीच विसरले नाहीत. अंगमेहनत, शस्त्रांचा सराव आणि दत्ताची उपासना यांत त्यांनी स्वतःला बांधून घेतलं. दुसरी पत्नी गोपिकाबाई यांनाही लिहा-वाचायला शिकवलं, शस्त्र धरायला शिकवलं.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. गावोगावचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि नोकरीवरचं मनच उडालं. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी साथीदारांना घेऊन धामारी गावावर पहिला छापा घातला. पुढे सरकारने त्यांच्यावर इनाम लावलं, तर यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर इनाम लावलं! मे महिन्यात दौलतराव नाईक यांच्या तुकडीने पळस्पे आणि चिखली लुटली. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियलच्या फौजेने गाठलं आणि दौलतराव मारले गेले.

पण दणकट शरीर असलं की मन खचत नाही, असं थोडंच आहे? बंड फसत चाललं, लुटीच्या वाटणीवरून साथीदारांशी पटेना. फडके श्रीशैल मल्लिकार्जुनला गेले तेव्हा पार तुटले होते. देवापुढे देह ठेवायचा विचार पक्का झाला होता. तिथे बसून त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. आपण कुठे कमी पडलो, हे त्यात कबूल केलं. तालमीत हरल्यावर पुन्हा उभं राहायला शिकवतात. एकट्या माणसाने ते डोंगरावर, रोजची सोबत नसताना कसं करायचं, हा प्रश्न वेगळा. तरी ते उठले, खाली उतरले आणि रोहिल्यांची जमवाजमव करू लागले.

जुलै १८७९ मध्ये देवर नावदगी गावाजवळ तापाने फणफणून झोपलेले असताना ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं स्वतःचं लिखाणच पुरावा म्हणून कोर्टात आलं. शिक्षा झाली जन्मठेपेची, काळ्या पाण्याची.

अंदमानऐवजी त्यांना एडनला ठेवलं. तेव्हा एडनचा कारभार मुंबई प्रांतातून चाले. बेड्या, एकांत, वाळवंट. तिथेही एकदा या माणसाने कोठडीचं दार बिजागरीतून उखडलं आणि पळ काढला. अनोळखी मुलुखात, उपाशी अंगाने फार लांब जाणं शक्यच नव्हतं. पुन्हा पकडले गेले. शेवटी त्यांनी अन्न टाकलं, अंगात क्षयही होता. वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते गेले.

लहुजी वस्ताद पुण्यात वारले ती तारीखही १७ फेब्रुवारीच, साल १८८१. त्यांची समाधी संगमवाडीला आहे. आणि शिरढोणला, हायवेपासून आत वळलं की, फडक्यांचा वाडा आजही पाहता येतो.