नोकरी गेली, पण जर्मनीच्या एका बेटावर शिकलेली विद्या कामी आली: गिरगावच्या सलीम अलींची गोष्ट

उत्तर समुद्रात, जर्मनीच्या किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटर आत एक छोटंसं बेट आहे. नाव हेल्गोलँड. लाल दगडाचे उभे कडे आणि त्यावर दाटीवाटीने बसलेले समुद्रपक्षी. आज मोठमोठ्या लेन्स गळ्यात अडकवून हौशी फोटोग्राफर तिथे जातात.

जवळपास १०० वर्षांपूर्वी मुंबईचा एक माणूसही या बेटावर पोचला होता. पण तो फोटो काढायला गेला नव्हता. जिवंत पक्षी न दुखवता हातात कसा धरायचा आणि त्याच्या पायात वाळा कसा घालायचा, हे त्याला शिकायचं होतं. त्याचं नाव सलीम अली.

सलीम अलींचा जन्म १८९६ चा, गिरगावातल्या खेतवाडीतला. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांना वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे भाच्याच्या हातात छऱ्याची बंदूक आली. एक दिवस त्याने एक चिमणी पाडली. बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली चिमणी?

मामांनी त्याला फोर्टात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या ऑफिसात पाठवलं. तिथले सेक्रेटरी मिलर्ड यांनी चिमणी ओळखली आणि कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी या पोराला दाखवले. तिथून जो नाद लागला तो आयुष्यभर सुटला नाही.

पण नादावर घर चालत नाही. मधली काही वर्षं घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेली. तो धंदा बुडाला. मुंबईत परत आल्यावर पक्ष्यांशी संबंधित नोकरी शोधायची, तर युनिव्हर्सिटीची डिग्री नव्हती. त्यापायी झूऑलॉजिकल सर्व्हेतली नोकरी हुकली. अखेर १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाईड लेक्चररची जागा मिळाली. पगार महिना ३५० रुपये.

दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की नुसत्या आवडीवर पुढे जाता येणार नाही, शास्त्र शिकायला हवं. त्यांनी रजा घेतली आणि थेट बर्लिन गाठलं. तिथे एर्विन श्ट्रेझेमान हे पक्षीशास्त्रातलं मोठं नाव होतं. सलीम अलींनी त्यांना गुरू मानलं आणि शेवटपर्यंत मानलं.

जर्मनीतल्या या मुक्कामातच ते हेल्गोलँडला गेले.

हे बेट खास का? स्थलांतर करणारे पक्षी समुद्र ओलांडताना दम खायला इथे उतरतात. हाइनरिश गेटके नावाच्या एका चित्रकाराने इथे ५० वर्षांहून जास्त काळ पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. १९१० मध्ये इथे पक्षी संशोधन केंद्र सुरू झालं. झुडपांवर नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं जाळं उभारायचं, पक्ष्यांना हळूहळू आत हाकायचं आणि शेवटच्या पेटीत अलगद पकडायचं, अशी इथली पद्धत. आजही जगभर त्या सापळ्याला हेल्गोलँड सापळा म्हणतात.

पकडलेल्या पक्ष्याच्या पायात नंबर आणि पत्ता कोरलेलं हलकं कडं घालून त्याला सोडून द्यायचं. पुढे तो कुठेही सापडला की तो कुठून कुठे गेला, ते कळतं. पक्षी मारून अभ्यास करण्याच्या त्या काळात ही वेगळीच वाट होती. जिवंत पक्षीच स्वतःचा प्रवास सांगणार होता.

१९३० मध्ये सलीम अली मुंबईत परतले आणि बघतात तर नोकरी गेलेली. पैसे नाहीत म्हणून म्युझियमने ती जागाच रद्द केली होती. मग पत्नी तेहमिना यांच्यासोबत ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणीची घरटी होती. रिकामा वेळ असलेला हा माणूस तासन्‌तास त्यांच्यापुढे बसून राहिला आणि त्यातून एक नवीच गोष्ट पुढे आली. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन ते पसंत करते, नर ते पूर्ण करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी पुढचं घरटं बांधायला घेतो. या निरीक्षणाने त्यांचं नाव झालं.

पुढे त्यांनी संस्थानिकांना एक प्रस्ताव दिला: मी तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करतो, मानधन नको, फक्त खर्च द्या. हैदराबादपासून ही भटकंती सुरू झाली. या कष्टात तेहमिना सोबत होत्या. १९३९ मध्ये एका छोट्या ऑपरेशननंतर त्या गेल्या आणि सलीम अली कोलमडले. तरी १९४१ मध्ये त्यांचं भारतातल्या पक्ष्यांवरचं पुस्तक आलं आणि सामान्य माणूसही पक्षी ओळखायला लागला.

हेल्गोलँडची विद्या खऱ्या अर्थाने कामी आली ती १९५९ मध्ये. दोन वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या क्यासानूरच्या जंगलात माकडं आणि माणसं एका तापाने मरू लागली होती. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग शंका आली, सायबेरियातून येणारे पक्षी तर हा रोग आणत नसतील?

उत्तर शोधायचं तर पक्षी कुठून येतात ते कळायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालायची मोठी मोहीम उघडली. त्याआधीही आपल्याकडे थोडंफार काम झालं होतं, पण एवढ्या प्रमाणात कधीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकणारे बिहारचे मीरशिकार आता विज्ञानासाठी पक्षी पकडू लागले. रोग पक्ष्यांनी आणल्याचं सिद्ध झालं नाही. पण भारतात हिवाळा काढणारे पक्षी कुठून येतात, याची पक्की माहिती हाती लागू लागली.

डिग्री नाही म्हणून नाकारलेल्या या माणसाला पुढे अनेक विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९८५ मध्ये ते राज्यसभेवर गेले. १९८७ मध्ये मुंबईतच त्यांचं निधन झालं.

आज शिवडी आणि ठाण्याच्या खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचे फोटो आपण दरवर्षी शेअर करतो. २०२२ मध्ये बीएनएचएसने ठाण्याच्या खाडीतल्या सहा रोहित पक्ष्यांना जीपीएस टॅग लावले. ते गुजरातकडे कसे उडत जातात, हे त्यातून दिसलं. कड्याची जागा टॅगने घेतली, एवढाच काय तो फरक.

आणि त्या सहापैकी एका रोहितचं नाव ठेवलं होतं सलीम.