फुरशांच्या मुलखातील एक निसर्गवेडा साहेब

सापांचे भय नसते तर हिंदुस्थान पाहायला नक्की गेलो असतो, असे सांगणारी माणसे शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये घरोघर भेटत. एरवी शहाणीसुरती असणारी ही मंडळी या एका विषयावर मात्र हट्टाला पेटत. त्यांची समजूत घालण्यासाठी एका गृहस्थाने ‘साप’ या नावाचा एक खुसखुशीत निबंध लिहिला. या गृहस्थाचा जन्म साताऱ्याचा, शिक्षण मुंबई विद्यापीठाचे आणि निम्मीअधिक सरकारी नोकरी कोकण किनाऱ्यावरची. त्यांचे नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. वाचकांना ते ठाऊक होते ते ‘ई. एच. ए.’ या तीन आद्याक्षरांनी.

एटकिन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी झाला. वडील जेम्स एटकिन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. मुलाचे शिक्षण त्यांनी इथेच, बहुतांशी स्वतःच्या देखरेखीखाली केले. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत या मुलाने पहिला क्रमांक मिळवला आणि १८७० ते १८७६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले. एप्रिल १८७६ मध्ये ते मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात दाखल झाले. हे खाते रुक्ष खरे. पण त्यातील अधिकाऱ्याला मिठागरे, खाड्या, बंदरे आणि आडबाजूचे नाके यांवर सतत फिरावे लागे. कच्छच्या रणाकाठचे खाराघोडा, मुंबईलगतचे उरण, उत्तर कानडा, गोव्याची सरहद्द आणि रत्नागिरी अशी त्यांची भ्रमंती झाली. एटकिन यांच्यासारख्या माणसाला याहून चांगली नोकरी सापडली नसती.

त्यांचे पहिले पुस्तक १८८३ साली आले. सरहद्दीवरील टोळ्यांचे बंड आणि बंदोबस्त हा त्या काळच्या इंग्रजी वर्तुळातील आवडता विषय. एटकिन यांनीही आपल्या सरहद्दीवरील टोळ्यांविषयीच लिहिले, मात्र या टोळ्या होत्या उंदीर, डास, मुंग्या, पाली आणि कावळे यांच्या. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन झाली. या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते, तसेच एटकिनही. संस्थेचे पहिले मानद चिटणीसपद त्यांच्याकडेच आले. पुढे कारवारच्या मुक्कामात डेव्हिडसन आणि बेल या दोन सहकाऱ्यांसह त्यांनी उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांचा जो अभ्यास केला, तो आजही अभ्यासकांना चाळावा लागतो.

रत्नागिरीविषयी लिहिताना मात्र फुलपाखरांपेक्षा फुरशाची आठवण आधी येते. हात-दीड हात लांबीचा, मातकट रंगाचा, डोक्यावर बाणासारखी खूण असलेला हा विषारी साप जांभ्याच्या सड्यावर, दगडांखाली आणि गवताच्या बुडख्यांत दडून असतो. डिवचला गेला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो आणि क्षणार्धात चावा घेतो. या जिल्ह्यात फुरशांची संख्या इतकी होती, की १८६२ साली सरकारने मारलेल्या सापामागे बक्षीस जाहीर करताच काही दिवसांतच लाखाहून अधिक फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. एवढ्या संहारानंतरही फुरसे हटले नाही, हे सांगायला नकोच.

याच जिल्ह्यात काम केलेले विडाल नावाचे एक मुलकी अधिकारी होते. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी गॅझेटियरमधील बराच मजकूर त्यांनी जमवला. १८९० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी सर्पदंशाच्या सरकारी आकडेवारीवर नेमके बोट ठेवले. मुंबई इलाख्यातील सर्पदंशाच्या मृत्यूंत नागापेक्षा फुरशाचा वाटा मोठा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामागचे कारण आज सहज समजते. नागाच्या विषाने माणूस काही तासांत जातो आणि सारा गाव ते पाहतो. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त जाते, आणि मृत्यू कधीकधी अनेक दिवसांनी येतो. तोवर सापाचे नावही कोणाच्या लक्षात राहत नाही.

या पार्श्वभूमीवर एटकिन यांचा निबंध वाचायला हवा. ब्रह्मदेश आणि सिलोनसह हिंदुस्थानात तेव्हा सापांच्या २६४ जाती ज्ञात होत्या. त्यांतील २७ समुद्रातून कधी बाहेर न येणाऱ्या. उरलेल्यांत माणसाला खरोखर धोका असणाऱ्या थोड्याच. भित्र्या प्रेयसीने सापांच्या देशात निघालेल्या प्रियकराला नकार दिला तर दोघांचे आयुष्य कसे उद्ध्वस्त होईल, याचे एक गमतीदार चित्र रंगवून त्यांनी हा हिशेब मांडला आहे. त्या काळात सर्पदंशाने दरसाल सुमारे वीस हजार मृत्यू सरकारदरबारी नोंदले जात. १८९१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या २८ कोटींहून अधिक भरली. म्हणजे लाखात सात. बूट घालून, कंदील घेऊन आणि बंगल्यात झोपून राहणाऱ्या पाहुण्याच्या वाट्याला त्यातला किती अंश येणार?

हा युक्तिवाद पाहुण्यापुरता अगदी खरा आहे, आणि नेमके तेवढ्यापुरताच. अनवाणी पायांनी सड्यावर गवत कापणाऱ्या, अंधारात लाकडे उचलणाऱ्या कुळवाड्याला ही सरासरी काय सांगणार? एटकिन यांची लेखणी नोकरचाकरांविषयी लिहिताना जी साहेबी थट्टा करते, ती आज वाचताना खटकते. सापांच्या बाबतीतही त्यांचा वाचक मुख्यतः जहाजाने येणारा, बुटातला माणूस होता. पुढे २००० ते २०१९ या वीस वर्षांचा अभ्यास झाला, तेव्हा भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार माणसे दगावतात असा अंदाज निघाला. त्यांत बहुतेक खेड्यांतील, शेतीवर राबणारी. पर्यटक जवळजवळ नाहीतच. रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पे पाहायला आता मुंबई-पुण्याहून माणसे जातात. त्यांनी घोट्याच्या वर येणारे बूट घातले, दगडाखाली हात घातला नाही आणि रात्री विजेरी बाळगली, तर फुरशाच्या भयाने बेत रद्द करण्याचे काही कारण नाही. वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याच्या पायांत काय आहे, तेही त्यांनी एकदा पाहावे.

सर्पदंशावरच्या अक्सीर इलाजांविषयीही एटकिन यांनी लिहिले, आणि गारुड्यांविषयीही. या इलाजांची ख्याती टिकते ती दोन कारणांनी: पुष्कळदा चावलेला साप बिनविषारीच असतो, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. मग रोगी वाचला की श्रेय मुळीला किंवा मंत्राला. खरा उतारा म्हणजे प्रतिविष. काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात ते तयार केले, पण रत्नागिरीच्या गावांपर्यंत ते पोहोचायला फार काळ जावा लागला.

एटकिन यांच्या आयुष्यातील सर्वांत गंभीर कामगिरी सापांशी किंवा वाघांशी निगडित नव्हती. गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवरचे शिपाई हिवतापाने सारखे आजारी पडत. १९०२ साली त्याचा शोध घेऊन उपाय सुचवण्यासाठी सरकारने एटकिन यांची नेमणूक केली. डासांतून हिवताप पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी दाखवून पाच वर्षे झाली होती. घाटाखालच्या त्या रानात डास पकडत हिंडताना एटकिन यांना ॲनॉफिलीस कुळातील एक नवी जात सापडली. मेजर जेम्स यांनी ती तपासली आणि तिला ‘ॲनॉफिलीस एटकेनाय’ असे नाव दिले. जंगलात पाऊल टाकताना प्रवासी बिबट्याची चौकशी करतो आणि मच्छरदाणी घरी विसरतो, हा प्रकार तेव्हाही होता.

मे १९०३ मध्ये ते जकात व मीठ खात्याचे प्रमुख अधिकारी म्हणून कराचीला गेले. नोव्हेंबर १९०५ पासून सिंध गॅझेटियरचे काम त्यांच्याकडे आले. ऑगस्ट १९०६ मध्ये निवृत्त होऊन ते एडिंबरोला स्थायिक झाले आणि २५ एप्रिल १९०९ रोजी तिथेच वारले. त्यांचे अखेरचे निबंध १९१४ साली पुस्तकरूपाने निघाले. पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून नावारूपाला आलेल्या परळच्या प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले बॅनरमन यांनी त्यात त्यांचे छोटे चरित्र लिहिले. त्या पुस्तकात ‘साप’ आहे, गारुड्यांवरचा आणि सर्पदंशाच्या इलाजांवरचा लेख आहे, नागाच्या बंगल्याची गोष्ट आहे. आणि आपण न मारलेल्या बिबट्यावरचा एक निबंधही आहे. शिकारीच्या फुशारक्यांनी भरलेल्या त्या काळातील इंग्रजी पुस्तकांत असा मथळा क्वचितच सापडेल.