एका आईचा निर्णय

(लहान बाळाला लस टोचून घ्यावी की नाही, असा प्रश्न पुष्कळ आईवडिलांना पडतो. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या इंग्रज स्त्रीपुढे असाच प्रश्न उभा राहिला होता. तिने तो कसा सोडवला, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या आजीच्या किंवा आजोबांच्या हातावर एक वाटोळा व्रण तुम्ही पाहिला असेल. तो कशाचा, असे त्यांना एकदा विचारा. ते सांगतील, लहानपणी देवी काढल्या होत्या, त्याची ही खूण आहे. देवी हे एका भयंकर रोगाचे नाव आहे. उर्दूत या रोगाला चेचक म्हणतात. अंगभर फोड येत, ताप चढे आणि रोग झालेल्या पाच-सहा माणसांपैकी एखादे तरी दगावे. जे वाचत, त्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहत. कित्येकांचे डोळे जात. आज हा रोग जगात कोठेही उरलेला नाही. तो नाहीसा होण्याची कथा फार मोठी आहे. त्या कथेतील एक महत्त्वाचे पान मेरीचे आहे.

मेरीचा जन्म 1689 साली इंग्लंडमध्ये एका श्रीमंत सरदार घराण्यात झाला. ती अगदी लहान असतानाच तिची आई वारली. त्या काळी मुलींना फारसे शिकवत नसत. मेरीच्या वडिलांच्या घरी मात्र पुस्तकांचा मोठा संग्रह होता. मेरी तासन्‌तास तेथे बसे. मुलींना कोणी न शिकवणारी लॅटिन भाषा ती तेथे आपली आपण शिकली. पुढे वडिलांनी तिचे लग्न ठरवले. तो वर तिला पसंत नव्हता. 1712 साली घर सोडून तिने एडवर्ड वर्टली माँटेग्यू यांच्याशी लग्न केले. यावरून तुमच्या लक्षात येईल, की ही मुलगी स्वतः विचार करणारी आणि त्याप्रमाणे वागणारी होती.

लग्नानंतर वर्षभरातच तिच्या घरावर देवीचा घाला पडला. 1713 साली तिचा वीस वर्षांचा एकुलता एक भाऊ देवीने गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, 1715 च्या डिसेंबरात, खुद्द मेरीला देवी आल्या. ती वाचली, पण तिच्या पापण्यांचे केस गेले आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. लंडनच्या दरबारात तिच्या रूपाची वाहवा होत असे. तीच मेरी आता आरशात पाहण्याचे टाळू लागली असेल, तर त्यात नवल नाही. पण तिला खरी काळजी वेगळीच होती. तिच्या घरात एक लहान मुलगा होता. त्याचे नावही वडिलांप्रमाणे एडवर्डच होते. आज ना उद्या देवी त्यालाही गाठतील, ही भीती तिच्या मनात घर करून बसली.

1716 साली मेरीच्या पतीची उस्मानी तुर्कांच्या दरबारी इंग्लंडचा वकील म्हणून नेमणूक झाली. लहान मुलाला घेऊन ती पतीबरोबर निघाली. महिनोन्‌महिने प्रवास चालला होता. वाटेत बेलग्रेड येथे अहमद बेग नावाच्या विद्वान गृहस्थांच्या घरी त्यांचा मुक्काम झाला. त्यांनी मेरीला अरबी कविता समजावून सांगितल्या. 1717 साली ती तुर्कांच्या मुलखात पोहोचली. कुस्तुनतुनिया हे नाव तुम्ही इतिहासात वाचले असेल. आजचे इस्तंबूल ते हेच. मेरी तेथे तुर्की भाषा शिकू लागली. ती तेथील स्त्रियांना भेटे, त्यांच्या घरी जाई, हमामखान्यात त्यांच्याशी बोले. पुरुष प्रवाशांना जे पाहायला मिळत नसे, ते तिला पाहता आले.

तेथे एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. तेथील लोकांना देवीची इतकी दहशत वाटत नव्हती. चौकशी केल्यावर तिला कारण कळले. दर वर्षी सप्टेंबरात, उन्हाळा ओसरला म्हणजे, घरोघरी निरोप जात. पंधरा-सोळा जण एकत्र जमत. मग एक म्हातारी बाई येई. तिच्याजवळ अक्रोडाच्या टरफलात, देवी सौम्य आलेल्या रोग्याच्या फोडातील पू असे. ती सुईने कातडीवर लहानशी जखम करी, सुईच्या टोकावर मावेल इतकाच पू त्यात घाली आणि वरून पोकळ शिंपला बांधी. आठवडाभर मुले खेळत राहत. मग ताप येई आणि ती दोन-तीन दिवस अंथरुणावर पडत. अंगावर थोड्याशा पुटकुळ्या येत आणि व्रण न ठेवता सुकून जात. एकदा असे झाले, की त्या मुलाला जन्मात पुन्हा देवी येत नसत. अशी टोचणी आशिया आणि आफ्रिकेतील अनेक भागांत पूर्वीपासून माहीत होती. आपल्या देशात बंगालमध्येही ती चाले. मेरीने ही सारी हकीकत सारा नावाच्या आपल्या मैत्रिणीला पत्राने कळवली. ही पद्धत आपण इंग्लंडात नेणार, असेही तिने त्यात लिहिले. डॉक्टर विरोध करतील, याची तिला तेव्हाच कल्पना होती.

मित्रांनो, पत्र लिहिणे सोपे होते. पण स्वतःच्या मुलाच्या हातावर ती सुई टेकवू देणे सोपे होते काय? जरा विचार करा. मुलगा खेळत आहे, हसत आहे, धडधाकट आहे. त्याच्या अंगात मुद्दाम रोगाचा अंश घालायचा! त्याचे काही बरेवाईट झाले, तर दोष कोणाला? उलट काहीच केले नाही आणि पुढे देवीने त्याला नेले, तर? मेरीने भावाचे मरण पाहिले होते. काही न करणे म्हणजे सुरक्षित राहणे नव्हे, हे तिला कळून चुकले होते. ती घाईत मात्र पडली नाही. सुमारे वर्षभर तिने पाहिले, विचारले, ऐकले. एवढ्या टोचण्या झाल्या, त्यांत कोणी दगावल्याचे तिच्या कानावर आले नाही. मग तिने मनाचा निश्चय केला.

1718 चा मार्च महिना होता. पती कामानिमित्त बाहेर होते. वकिलातीचे शल्यवैद्य चार्ल्स मेटलंड यांना तिने सोबत घेतले. एक म्हातारी ग्रीक बाई बोलावली. एडवर्ड तेव्हा पाच वर्षांचा होत आला होता. म्हातारीचा हात थरथरत होता आणि तिची सुई गंजलेली व बोथट होती. पोर कळवळले. ते पाहून दुसऱ्या हातावर मेटलंड यांनी स्वतःच्या धारदार शस्त्राने टोचले. पुढे ताप आला, सुमारे शंभर पुटकुळ्या आल्या आणि मुलगा खडखडीत बरा झाला. मेरीने पतीला पत्राने ही बातमी कळवली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या वेळी मेरीच्या कुशीत दोन महिन्यांची मुलगी होती. तिचेही नाव मेरीच ठेवले होते. तिला मात्र आईने टोचून घेतले नाही. का बरे? बाळाला दूध पाजणाऱ्या दाईला कधी देवी आल्या नव्हत्या. टोचलेल्या मुलापासून दुसऱ्याला खऱ्या देवींची लागण होऊ शकत असे. आपल्या बाळाच्या रक्षणासाठी एका परक्या बाईचा जीव धोक्यात घालणे मेरीला मान्य नव्हते. म्हणून ती थांबली. ही खबरदारी योग्यच होती. पुढे 1721 साली इंग्लंडात एका लहान मुलीला टोचल्यावर तिला कडेवर घेणाऱ्या, तिचे लाड करणाऱ्या सहा नोकरांना देवी आल्या.

1718 सालीच मेरी इंग्लंडला जाण्यास निघाली. तीन वर्षांनी, 1721 च्या वसंत ऋतूत, लंडनमध्ये देवीची मोठी साथ आली. धाकटी मेरी आता तीन वर्षांची झाली होती. आईने मेटलंड यांना बोलावणे पाठवले. मेटलंड घाबरले. परदेशात केले ते कोणी पाहिले नव्हते; येथे काही वाईट झाले, तर त्यांची अब्रू जाणार होती. साक्षीदार हवेत, असे त्यांनी सांगितले. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनाही बोलावण्यात आले. त्यांच्या देखत मुलीला टोचले गेले. मेरीच्या नातीने पुढे लिहून ठेवले आहे, की त्या डॉक्टरांविषयी मेरीला इतका अविश्वास वाटे, की मुलीला त्यांच्यापाशी एकटी सोडण्याचा तिला धीर होईना. मुलगी सुखरूप बरी झाली. पाहायला आलेल्या डॉक्टरांपैकी जेम्स कीथ यांची मुले देवीने गेली होती. त्यांनी लगेच आपल्या उरलेल्या मुलाला टोचून घेतले.

यानंतर राजघराण्यातील युवराज्ञी कॅरोलिन यांनी या गोष्टीत लक्ष घातले. ऑगस्ट 1721 मध्ये तुरुंगातील सहा कैद्यांना, सुटकेचे वचन देऊन, टोचण्यात आले. सहाही जण वाचले. एप्रिल 1722 मध्ये युवराज्ञींच्या दोन मुलींना टोचले गेले. कैद्यांवर असे प्रयोग करणे आज कोणी योग्य मानणार नाही. पण तो काळ वेगळा होता.

सारे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. त्याच महिन्यात एका बड्या सरदाराचा अडीच वर्षांचा मुलगा टोचणीनंतर दगावला. लोक संतापले. धर्मोपदेशकांनी प्रवचनांतून निषेध केला. परदेशातील अडाणी बायांचा उपाय आम्ही का घ्यावा, असे काही डॉक्टर म्हणू लागले. मेरीने टोपणनावाने वर्तमानपत्रात लेख लिहून या टीकेला उत्तर दिले. तेव्हा जेम्स ज्युरिन नावाच्या विद्वानाने भांडणात न पडता एक काम केले. त्याने गावोगावच्या डॉक्टरांकडून आकडे मागवले. हिशेब केल्यावर दिसले, की टोचलेल्यांपैकी सुमारे पन्नासांत एक मरतो, तर आपोआप देवी आलेल्यांपैकी पाच-सहांत एक मरतो. म्हणजे टोचणीत धोका होता. पण न टोचण्यात तो कितीतरी जास्त होता. मेरीने मनाशी जे ताडले होते, ते आकड्यांनी दाखवून दिले.

दुर्दैवाची गोष्ट अशी, की तुर्कस्तानातून मेरीने जिला पहिली हकीकत कळवली, ती मैत्रीण सारा 1726 साली देवीनेच गेली.

मेरी 1762 साली वारली. दुसऱ्याच वर्षी तिची प्रवासातील पत्रे छापली गेली आणि लोकांनी ती आवडीने वाचली. पुढे 1796 साली एडवर्ड जेन्नर या डॉक्टरांनी गाईच्या देवींपासून लस शोधून काढली. जेन्नर यांनाही लहानपणी जुन्या पद्धतीने टोचले होते. त्यांच्या लसीत खऱ्या देवींचा अंश नव्हता. त्यामुळे ती पुष्कळच सुरक्षित होती आणि तिच्यामुळे दुसऱ्याला देवी होत नसत. ही लस बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने आपल्या मुंबईत आली. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. भारतात ही लस मिळालेले ते पहिले मूल. 1980 साली जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून गेल्याचे जाहीर केले.

मित्रांनो, आजच्या लसी मेरीच्या काळातील टोचणीसारख्या नाहीत. त्या कसोशीने तपासलेल्या असतात. तरीही बाळाला सुई टोचताना आईचे मन आजही कचरते. तुमच्या घरी एखादे तान्हे बाळ असेल आणि त्याला फ्लूची लस द्यावी की नाही, असे बोलणे निघाले, तर मेरीची आठवण करा. ऐकीव गोष्टींवर विसंबू नका. जाणत्या डॉक्टरांना विचारा. दोन्ही बाजूंचे धोके तोलून पाहा. सहा महिन्यांहून लहान बाळाला फ्लूची लस देत नाहीत. म्हणून बाळाच्या जवळ वावरणाऱ्या मोठ्या माणसांनी ती घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. मेरीने बाळाच्या दाईची काळजी घेतली होती. आपणही आपल्याबरोबर दुसऱ्याच्या जिवाची काळजी घेतली पाहिजे.

शब्दार्थ

व्रण – जखमेची राहिलेली खूण
दगावणे – मरण पावणे
घाला पडणे – मोठे संकट येणे
वकील – (येथे) एका राजाने दुसऱ्या राजाच्या दरबारी पाठवलेला प्रतिनिधी, सफीर
शल्यवैद्य – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, जर्राह
पुटकुळी – बारीक फोड
साथ – एकाच वेळी अनेकांना होणारा रोग, वबा
मन कचरणे – भीती वाटून मागे सरणे

स्वाध्याय

1. मेरीला देवीच्या रोगाची भीती का वाटत होती?
2. तुर्कस्तानात देवी कशा टोचत असत, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
3. मेरीने मुलाला टोचून घेतले, पण तान्ह्या मुलीला टोचून घेतले नाही. कारण लिहा.
4. ज्युरिन यांनी मिळवलेल्या आकड्यांवरून काय दिसून आले?
5. तुमच्या आजी-आजोबांना देवीच्या लसीविषयी विचारा व ते जे सांगतील ते मराठीत लिहा.