विश्लेषण : ब्लूटूथ टर्नटेबलवर फिरणारी तबकडी कुणाची? कोण होते एमिल बर्लिनर?

रेकॉर्डवर गाणी ऐकण्याची हौस पुन्हा वाढली आहे. पहिल्यांदाच टर्नटेबल घेणाऱ्याला दुकानात काही प्रश्न हमखास पडतात. सुईचा भार किती, तबकडी एकसारख्या वेगाने फिरते का, ब्लूटूथ आहे म्हणजे नेमके काय? यांतील पहिल्या दोन प्रश्नांशी सव्वाशे वर्षांपूर्वी एक माणूस झगडत होता. सपाट तबकडी आणि ग्रामोफोन जगाला देणाऱ्या एमिल बर्लिनर यांचे नाव मात्र आज फारसे कुणाला आठवत नाही.

बर्लिनर संशोधनाकडे कसे वळले?

जर्मनीतील हॅनोव्हर येथे २० मे १८५१ रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण चौदाव्या वर्षी संपले. १८७० मध्ये, युरोपात युद्धाचे ढग असताना, ते अमेरिकेला गेले. वॉशिंग्टनमध्ये कापडाच्या दुकानात नोकरी केली. पुढे न्यूयॉर्कमध्ये एका प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचेही काम केले आणि रात्री कूपर इन्स्टिट्यूटमध्ये विज्ञान शिकले. पदवी नव्हती, पण भाड्याच्या खोलीत प्रयोग चालू असत. १८७६ मध्ये टेलिफोन आला तेव्हा त्याचा आवाज फार क्षीण होता. पुढच्याच वर्षी बर्लिनर यांनी सुधारित मायक्रोफोनचा दावा दाखल केला. बेल कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि त्यांना नोकरीही दिली. या शोधाच्या श्रेयावरून पुढे वर्षानुवर्षे खटले चालले, पण हाती आलेल्या पैशामुळे त्यांना स्वतंत्रपणे काम करता आले.

सिलिंडर असताना तबकडी कशासाठी?

एडिसन यांचा फोनोग्राफ १८७७ चा. त्यात आवाज नळकांड्यावर कोरला जाई आणि सुई खाचेत वर-खाली हाले. घरी स्वतःचा आवाज नोंदवण्याची सोय हा त्याचा मोठा गुण होता. अडचण प्रतींची होती. सुरुवातीच्या काळात सिलिंडरच्या प्रती साच्यातून काढता येत नसत, त्यामुळे गायकाला तेच गाणे पुन:पुन्हा म्हणावे लागे.

बर्लिनर यांनी १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट मिळवले. त्यांच्या खाचेत सुई डावी-उजवीकडे हाले. मेणाचा पातळ थर दिलेल्या जस्ताच्या तबकडीवर रेघ उमटवायची, उघडी पडलेली रेघ आम्लाने कोरून काढायची, मग त्या तबकडीवरून धातूचा उलटा साचा तयार करायचा, अशी ही पद्धत. त्या साच्याने गाण्याचे ठसे हवे तितके काढता येत. १८८८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी याचे प्रात्यक्षिक दाखवले. घरी ध्वनिमुद्रणाची सोय त्यांनी सोडून दिली आणि घरबसल्या ऐकण्याची सोय स्वस्त केली. पुढचा सारा रेकॉर्ड व्यवसाय या एका निवडीवर उभा राहिला.

खेळण्याचे यंत्र कसे झाले?

पहिले ग्रामोफोन जर्मनीतील एका खेळणी कारखान्याने विकले. दांडा हाताने फिरवावा लागे. हात मंदावला की गाण्याचा सूर उतरे, जोर चढला की सूरही चढे. हा दोष न्यू जर्सीतील यंत्रकार एल्ड्रिज जॉन्सन यांनी १८९६ मध्ये चावीच्या मोटरने दूर केला. तबकडी आधी कडक रबराची होती, पण तिला पोक येई. अखेर गुंड्या बनवणाऱ्या एका कारखान्यातील लाखेचे मिश्रण कामी आले. लाख ही मुख्यतः भारतातील जंगलांची देणगी. पुढे अर्धशतक जगभरची गाणी लाखेवर उमटली.

मग कंपनी हातून का गेली?

बर्लिनर यांनी अमेरिकेतील विक्रीचे सर्व हक्क फ्रँक सीमन या व्यावसायिकाला दिले होते. दोघांत बिनसले. सीमन यांनी झोनोफोन या प्रतिस्पर्धी यंत्राला हात दिला आणि ते न्यायालयात गेले. १९०० मध्ये न्यायालयाच्या मनाईमुळे बर्लिनर यांना स्वतःचाच ग्रामोफोन अमेरिकेत विकता येईना. त्यांनी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे बस्तान हलवले. जॉन्सन यांनी १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी काढली. बर्लिनर यांना तिच्यात हिस्सा मिळाला, पण सूत्रे जॉन्सन यांच्याकडे गेली. अमेरिकेत ‘ग्रामोफोन’ हा शब्दही मागे पडला. आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये मात्र तो टिकला.

भारताशी त्यांचा संबंध काय?

बर्लिनर यांच्याकडे तरुणपणी काम शिकलेले फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीतर्फे कोलकात्यात आले. त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गाण्याच्या शेवटी गौहर जान स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत. त्या तबकड्या छापल्या गेल्या त्या हॅनोव्हरला, म्हणजे बर्लिनर यांच्याच जन्मगावी. तिथे त्यांनी व त्यांच्या भावांनी १८९८ मध्ये कारखाना काढला होता.

उत्तरायुष्यात त्यांनी काय केले?

लहान मुलीच्या आजारपणानंतर ते बालमृत्यूच्या प्रश्नाकडे वळले. अशुद्ध दुधामुळे मुले दगावतात हे पटल्यावर दूध तापवून निर्जंतुक करावे यासाठी त्यांनी वॉशिंग्टनमध्ये मोहीम चालवली. आईच्या नावाने स्त्री-संशोधकांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. मुलगा हेन्री याच्यासह हेलिकॉप्टरचे प्रयोग केले. १९२५ मध्ये मायक्रोफोन वापरून विजेवर मुद्रित केलेल्या तबकड्या बाजारात आल्या. आयुष्यभर ज्या दोन वाटांवर त्यांनी काम केले, त्या अशा एकत्र आलेल्या त्यांना पाहता आल्या. ३ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांचे निधन झाले.

आज टर्नटेबल घेताना यातून काय घ्यावे?

बर्लिनर यांच्या यंत्रात खाचच सुईला आत ओढत नेते. आजही तसेच होते, म्हणून सुईचा भार नेमका असावा लागतो. तो साधारण दीड ते तीन ग्रॅम असलेला बरा. अगदी स्वस्त पेटीवजा यंत्रांत तो बराच जास्त असतो आणि रेकॉर्ड लवकर झिजते. सुईतून निघणारा विद्युतसंकेत अगदी दुबळा, काही मिलिव्होल्टचा असतो. तो वाढवणारा फोनो प्रीअँप यंत्रातच असेल तर नवख्याची एक खरेदी वाचते.

ब्लूटूथबाबत एक प्रश्न दुकानदाराला विचाराच : यंत्र आवाज बाहेर पाठवते की केवळ फोनवरचा आवाज घेते? काही स्वस्त यंत्रांत फक्त दुसरी सोय असते, मग रेकॉर्डचे गाणे तुमच्या वायरलेस स्पीकरवर येत नाही. ब्लूटूथने पाठवताना आवाज डिजिटल होऊन आक्रसतो, त्यामुळे तारेने जोडण्याची जागाही असू द्या. बिनतारी स्पीकरचा फायदाही आहे. तो दुसऱ्या टेबलावर ठेवता येतो आणि त्याची थरथर सुईपर्यंत पोहोचत नाही.

आजोबांच्या काळच्या लाखेच्या तबकड्या घरात असतील, तर आणखी जपा. त्यांना ७८ फेऱ्यांचा वेग आणि जाड टोकाची वेगळी सुई लागते. अनेक नव्या यंत्रांत केवळ ३३ आणि ४५ हेच वेग असतात. माळ्यावरच्या त्या तबकड्या पुन्हा ऐकायच्या असतील, तर ब्लूटूथच्या आधी वेगाचे बटण पाहा.