डिलाईल रोडला ज्यांचं नाव आहे ते ना. म. जोशी कोण आणि रेल्वे अपघाताच्या भरपाईशी त्यांचा संबंध काय?

लोअर परळ स्टेशनला उतरून पुलावर आलात की समोर जो रस्ता लागतो त्याला सगळे डिलाईल रोड म्हणतात. पण पाटीवर नाव असतं ना. म. जोशी मार्ग. बीडीडी चाळींच्या बातम्यांमुळे हे नाव आपण शंभरदा ऐकलंय. पण हे जोशी होते कोण, असं विचारलं तर दहातले नऊ जण गप्प बसतील.

आता दुसरी गोष्ट. ४ मे २०१४ ला दिवा-सावंतवाडी पॅसेंजर रायगड जिल्ह्यात नागोठणे आणि रोह्याच्या मध्ये रुळावरून घसरली. सुमारे २० लोक गेले, शंभरहून जास्त जखमी झाले. सुट्टीचे दिवस होते, गाडी गावी निघालेल्या माणसांनी भरलेली होती. अशा अपघातात ज्याचा पाय गेला त्याला भरपाई मिळवण्यासाठी ड्रायव्हर चुकला, रूळ खराब होता की डबा जुना होता, यातलं काहीही सिद्ध करावं लागत नाही. अपघात झाला, तुम्ही प्रवासी होता आणि तुम्हाला इजा झाली, एवढं पुरतं.

आज हे साधं वाटतं. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असं काही नव्हतं. जखमी माणसालाच चूक कुणाची ते शोधून कोर्टात दाखवावं लागायचं. ही पद्धत ज्या कायद्यांनी मोडली, त्यांच्या गोष्टीत हे जोशी सापडतात. आणि ते रायगडचेच.

गोरेगाव, पण मुंबईचं नाही

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ चा. गाव गोरेगाव. मुंबईचं नाही, रायगडचं. मुंबई-गोवा हायवेवर लोणेरे फाट्यावरून आत गेलं की लागतं ते, माणगाव तालुक्यातलं. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. आज कोकण रेल्वेवर या गावाच्या नावाचं गोरेगाव रोड स्टेशन आहे. जोशींच्या लहानपणी मात्र इथं रेल्वेचा पत्ता नव्हता.

पण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कर्जतच्या बाजूनं, रेल्वे येऊन बरीच वर्षं झाली होती. बोरघाट फोडून १८६३ मध्ये गाडी वर गेली. त्या कामात हजारो मजूर दरड कोसळून, सुरुंगात आणि पटकीच्या साथीत मेले. बोगदे आजही आहेत आणि आपण त्यातून पुण्याला जातो. त्या मजुरांच्या घरच्यांना हक्कानं भरपाई मागता येईल असा साधा कायदा तेव्हा नव्हता.

जोशी शिकायला पुण्याला गेले. न्यू इंग्लिश स्कूल, मग डेक्कन कॉलेज. १९०१ मध्ये पदवी घेतली आणि जवळपास आठ वर्षं मास्तरकी केली. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. म्हणजे थोडक्या मानधनावर आयुष्यभर सार्वजनिक काम करायचं.

समाजानं त्यांना मुंबईत कामाला लावलं. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीग उभी केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने, सहकारी पतपेढ्या आणि गरिबांना कायद्याचा सल्ला असं तिचं काम. परळचं दामोदर नाट्यगृह याच लीगचं.

त्या वेळचं परळ म्हणजे नुसत्या गिरण्या नव्हत्या. रेल्वेचे मोठे वर्कशॉपही तिथंच होते. त्यात कोकणातून आलेली माणसं खूप. हात मशीनमध्ये गेला किंवा बोट तुटलं की माणूस गावी परत. भाकरीही गेली आणि मनिऑर्डरही.

कायद्यातली मेख काय होती?

कायदा अजिबात नव्हता असं नाही. १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा होता. दुसऱ्याच्या चुकीनं माणूस मेला तर घरच्यांना दावा लावता यायचा. पण चूक सिद्ध करायची जबाबदारी घरच्यांची. वकील करा, साक्षीदार आणा, आणि समोर उभी रेल्वे कंपनी किंवा गिरणीमालक.

त्यात इंग्लंडच्या कोर्टातून आलेले दोन बचाव मालकाच्या हातात होते.

पहिला असा की, तुला इजा झाली ती तुझ्या सोबतच्या कामगाराच्या चुकीनं, मग मालकाचा काय संबंध? उदाहरण घ्या. सांधेवाल्यानं सांधा चुकीचा लावला, इंजिन घसरलं आणि कोळसा टाकणाऱ्या फायरमनचा पाय गेला. दोघं एकाच कंपनीचे नोकर. म्हणजे कंपनी मोकळी.

दुसरा असा की, काम धोक्याचं आहे हे माहीत असूनच तू नोकरी धरलीस, म्हणजे धोका तू स्वतःच पत्करलास.

आता मोठ्या कंपनीत नोकराच्या हातून होणारी चूक ही बहुतेक वेळा दुसऱ्या नोकराचीच असणार. मालक स्वतः सांधा लावायला थोडाच येतो. म्हणजे कामगाराला व्यवहारात दारच बंद.

बाहेरच्या देशांनी यातून वाट काढली होती. जर्मनीनं १८८४ मध्ये अपघात विमा आणला, इंग्लंडनं १८९७ मध्ये कामगार भरपाई कायदा केला. विचार सरळ होता. धंद्यातून नफा होतो तो मालकाचा, तर त्याच धंद्यात मोडलेल्या माणसाचा खर्चही धंद्यानंच उचलायचा. चूक कुणाची हा प्रश्नच बाजूला.

वॉशिंग्टन ते दिल्ली

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तिथं गेले. पण हे नाव सरकारनं ठरवलं होतं, कामगारांना न विचारता. त्यावरून इथं टीका झाली, आणि आपली संघटना असायला हवी या विचाराला जोर आला. ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपत राय. स्थापना करणाऱ्यांत जोशीही होते, आणि पुढं १९२५ पासून ते तिचे सरचिटणीस झाले.

१९२१ मध्ये सरकारनं त्यांना केंद्रीय कायदेमंडळात कामगारांच्या वतीनं नेमलं. तिथं ते १९४७ पर्यंत टिकले. लागोपाठ २६ वर्षं. त्याच वर्षी त्यांनी कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण द्या असा ठराव मांडला, त्याचं फळ १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात दिसलं. १९२४ मध्ये त्यांनी बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक आणलं, ते केंद्रात पडलं. पण १९२९ मध्ये मुंबई प्रांतानं तसा कायदा केला.

आणि याच सभागृहात आला १९२३ चा कामगार भरपाई कायदा. तो १ जुलै १९२४ ला लागू झाला.

१९२३ च्या कायद्यानं काय दिलं?

पहिलं म्हणजे कामावर, कामामुळे अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यायची, चूक सिद्ध करायची गरज नाही. सूट फक्त मोजक्या बाबतीत. जसं दारूच्या नशेत असणं, किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं. कामगाराचा मृत्यू झाला असेल तर ही सूटही नाही, हे मात्र १९३३ च्या दुरुस्तीनं आलं.

दुसरं, कोर्टाऐवजी वेगळा आयुक्त. आणि मृत्यूची भरपाई त्याच्याकडे जमा करायची, म्हणजे विधवेला परस्पर थोडक्यात गुंडाळता येऊ नये.

तिसरं, रेल्वेचे नोकर यात आले. कचेरीत कायम बसणारे वगळून, रुळावर आणि इंजिनावर काम करणारे.

चौथं, अवयवांची यादी. उजवा हात कोपरापासून गेला तर ७० टक्के, पाय गुडघ्याखाली गेला तर ५० टक्के, एक डोळा ३० टक्के, अंगठा २५ टक्के. वाचायला क्रूर वाटतं, पण यामुळे घासाघीस थांबली.

आता हिशेब बघा. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ४२ महिन्यांचा पगार, कमाल ३,५०० रुपये. मृत्यू झाला तर ३० महिन्यांचा पगार, कमाल २,५०० रुपये. महिना २० रुपये कमावणाऱ्या गँगमनचा पाय गुडघ्याखाली गेला तर ४२ महिन्यांचे ८४० रुपये, त्याचे ५० टक्के म्हणजे ४२० रुपये. मेला तर ६०० रुपये.

म्हणजे रक्कम तुटपुंजीच. शिवाय पहिले १० दिवस काहीच नाही. आणि सोबतच्या कामगाराची चूक हा मालकाचा बचाव रद्द करायची कलमं सुरुवातीच्या मसुद्यात होती, ती शेवटच्या कायद्यात आली नाहीत. भरपाईच्या आकड्यापेक्षा जास्त नुकसानीचा दावा लावायला कोर्टात गेलात की तो बचाव पुन्हा आडवा यायचा.

आपलेच लोक विरोधात गेले

१९२९ मध्ये सरकारनं कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करायला रॉयल कमिशन नेमलं. त्यावर सदस्य म्हणून जोशींना बोलावलं. वातावरण बघा, सायमन कमिशनवर देशानं बहिष्कार टाकून फार दिवस झाले नव्हते. सरकारच्या आणखी एका कमिशनवर बसणं म्हणजे अनेकांच्या नजरेत गद्दारीच.

त्याच वर्षी आयटकचं अधिवेशन नागपूरला भरलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथं कमिशनवर बहिष्काराचा ठराव मंजूर झाला. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. स्वतः जन्माला घातलेली संघटना त्यांना सोडावी लागली.

विरोधकांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. परक्या सरकारच्या मेजावर बसलं की त्या सरकारला मान्यता मिळते, आणि मिळतात त्या किरकोळ सुधारणा. जोशींचा मार्ग दुसरा होता. तुटलेल्या पायाला स्वराज्याची वाट बघता येत नाही, तेव्हा आज जे पदरात पडेल ते कायद्यात लिहून घ्यायचं, असा त्यांच्या सगळ्या कामाचा रोख दिसतो.

कमिशनचा अहवाल १९३१ मध्ये आला. त्यानंतर १९३३ मध्ये भरपाई कायद्यात दुरुस्ती झाली. जास्त कामगार कक्षेत आले, रकमा सुधारल्या, १० दिवसांची अट ७ दिवसांवर आली. आणि सोबतच्या कामगाराची चूक, पत्करलेला धोका हे जे दोन बचाव कमिशनला अन्यायाचे वाटले होते, त्यांच्याविरुद्ध १९३८ मध्ये वेगळा मालक दायित्व कायदा झाला. १५ वर्षांपूर्वी गळलेली गोष्ट परत आली.

फूटही पुढं मिटली. १९४० मध्ये जोशी पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले आणि १९४८ पर्यंत राहिले. ३० मे १९५५ ला ते गेले. ना कधी मंत्री झाले, ना त्यांच्या नावावर मोठी मालमत्ता.

मग प्रवाशांचं काय?

इथवर गोष्ट कामगारांची होती. प्रवाशांसाठी १९४३ मध्ये रेल्वे कायद्यात कलम ८२ अ घातलं गेलं. जोशी तेव्हाही त्याच सभागृहात होते. तत्त्व तेच, रेल्वेची चूक असो वा नसो, गाडीला अपघात झाला तर भरपाई. मर्यादा १०,००० रुपये.

आज लागू आहे तो १९८९ चा रेल्वे कायदा. त्याची कलमं १२४ आणि १२४ अ लक्षात ठेवा.

कलम १२४ गाडीच्या अपघातासाठी, म्हणजे टक्कर किंवा गाडी घसरणं. कलम १२४ अ इतर दुर्घटनांसाठी, यात गाडीतून पडणंही येतं. लोकलच्या दारातून पडलेला माणूस इथं बसतो. ड्युटीवरचा रेल्वे कर्मचारीही या कलमांत प्रवासीच धरला जातो.

मृत्यूसाठी रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. इजेसाठी यादीप्रमाणे. ही यादी १९२३ च्या यादीशेजारी ठेवून बघा, हात कोपरापासून, पाय गुडघ्याखाली, तीच भाषा दिसेल.

दुर्घटनेच्या कलमात भरपाई नाकारली जाते ती आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा किंवा वेडाच्या भरातलं कृत्य आणि नैसर्गिक आजार या कारणांनी. नुसता निष्काळजीपणा म्हणजे स्वतः करून घेतलेली इजा नाही, आणि मृताजवळ किंवा जखमीजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मात्र रूळ ओलांडताना गाडीनं उडवलं तर या कलमाचा आधार मिळत नाही, कारण तेव्हा माणूस प्रवासी नसतो.

अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे करायचा, त्याचं मुंबईत खंडपीठ आहे. मुदत अपघातापासून १ वर्ष. उशिराचं योग्य कारण असेल तर नंतरही अर्ज घेतला जाऊ शकतो. तिकीट किंवा पास, हॉस्पिटलचे कागद आणि स्टेशन मास्तर किंवा रेल्वे पोलिसांकडची नोंद जपून ठेवा. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अपघातानंतर जागेवर जाहीर होते ती मदत वेगळी, आणि न्यायाधिकरणाकडून मिळते ती भरपाई वेगळी. मदत घेतली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही.

मदत ही कुणीतरी दिलेली असते, भरपाई ही आपण मागायची असते. जोशींनी ज्यासाठी २६ वर्षं कायदेमंडळात घालवली, तो फरक हाच. पुढच्या वेळी डिलाईल रोडच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलात तर ती पाटी एकदा नीट वाचा.